आरशांची चढाई आणि क्लचचा तह

काचेच्या दुकानातील समस्त लहानथोरांस, तसेच पुढे जे कोणी या पिकअपचे स्टिअरिंग हाती धरतील त्यांस, काचांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या डकविणारा कारकून विज्ञापना करतो ऐसी जे, धाकल्या बाईसाहेबांनी आज्ञा केली की क्लचावरून जो कलह माजला त्याची हकीकत साद्यंत लिहावी, आणि थोरल्या धन्यांनी आज्ञा केली की लिहावी परंतु बेताने लिहावी. दोन्ही आज्ञा शिरसावंद्य. सबब लिहितो.

थोरले धनी म्हणजे दुकानाचे मालक, उमर अडुसष्ट, चाळीस साले गाडी हाकलेले, पिकअपची किल्ली कमरेच्या साखळीस अखंड बाळगणारे. ऐसियास दोन सालांमागे धन्यांचा नवा मजहब प्रगट जाहला तो ऐसा की, गाडी जागची हलविताना क्लच दाबावा, तेथे इलाज नाही. परंतु एकदा चालती जाहली की गिअर बदलण्यास पुन्हा क्लचास पाय लावणे हे नवशिक्याचे लक्षण. इंजिनाचा सूर कानी घ्यावा, अ‍ॅक्सिलरेटर अंमळ सोडावा, आणि नेमक्या सुरावर दांडा सरकवावा, की गिअर आपणहून पडतो. आणि खरेच पडत असे. धन्यांचे हाती दांडा खट् म्हणूनही वाजत नसे, हे वैऱ्यानेही कबूल करावे.

मग मजहब म्हटला की भक्त आलेच. जावईबापू, ज्यांचे समग्र ज्ञान मोबाइलच्या व्हिडिओंतून उपजले होते, ते जो भेटेल त्यास सांगू लागले की परमुलखीचे मोठमोठे ट्रकवाले क्लचास हिंग लावून विचारीत नाहीत. समोरच्या प्लायवूडवाल्याने क्लच त्यागला आणि शेजारच्या पाण्याच्या जारवाल्यानेही त्यागला, आणि त्यांच्या गाड्यांतून दगड दळल्यागत घरघर निघू लागली, मग त्या घरघरीस ते 'इंजिन मोकळं होतंय' ऐसे म्हणू लागले. कोपऱ्यावरील गॅरेजचे मिस्त्री कोणाशी वाद घालीत नसत. ते गिअरबॉक्स उतरवीत आणि चढवीत, आणि त्याच सालात त्यांच्या गॅरेजास नवे शटर बसले. अडाण्याची चूक एकदा समजूत घालून सुटते, शहाण्याची चूक पंथ काढून बसते.

धाकल्या बाईसाहेब म्हणजे धन्यांची एकुलती कन्या. परवाना मिळून दहा साले लोटली, तरी किल्ली हाती येई ती रविवारी, गाडी धुण्यापुरती. त्यांचे म्हणणे इतुकेच की ज्याने क्लच केला तो काही वेडा नव्हता. यावर धन्यांनी भर दुकानी फर्मान सोडिले की जो दाबून गिअर टाकील त्याचे हाती माझी किल्ली जाणे नाही. बाईसाहेबांचा चेहरा उतरला. पुढे दुकान त्यांनीच चालवावे हे ठरलेले, आणि किल्लीवाचून दुकान म्हणजे शिक्क्यावाचून दरबार.

तेसमयी टेकडीवरील नृत्यवर्गाकडून आठफुटी आरसे चार, ऐसी मागणी आली. मग खलबत होऊन तह ठरला की खेपा दोन कराव्या, आरसे दोन दोन न्यावे. पहिली खेप बाईसाहेबांनी क्लच दाबून करावी, दुसरी धन्यांनी न दाबता. ज्याचा आरसा तडकेल त्याने किल्लीवरील हक्क सोडावा. दोघांचेही शाबूत राहिल्यास किल्ली आहे तेथेच राहील.

पहिली खेप बाईसाहेबांनी बिनबोभाट पार पाडिली. धन्यांनी शेजारी बसून वाटभर त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिले आणि आरसे उतरल्यावर क्लचप्लेटीबद्दल हळहळ व्यक्त केली.

दुसऱ्या खेपेस धनी स्टिअरिंगवर, बाईसाहेब त्यांच्या डावीकडे, आणि जावईबापू मागे हौद्यात उभे, लाकडी घोडीस बांधिलेल्या आरशांस मिठी मारून. सपाटीवर धन्यांनी कमाल केली. दुसरा, तिसरा, चौथा, गिअर ऐसे पडले जैसे घरचेच. मग चढ लागला, आणि चढावर पुढे कचऱ्याची गाडी निघाली, जी दर वीस पावलांवर थांबे. थांबले की क्लच आला. पहिल्या वेळी धन्यांनी डाव्या हाताने गुडघा खाली रेटला. दुसऱ्या वेळी दोन्ही हातांनी रेटला आणि कपाळावर घाम आला. तिसऱ्या वेळी पाय खाली गेलाच नाही. गाडी गचका देऊन बंद पडली, वीतभर मागे सरली, आरसे कुरकुरले, आणि धन्यांनी हँडब्रेक ओढिला.

मागून हॉर्नांचा भडिमार सुरू जाहला. बाईसाहेब धन्यांच्या पायाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "बाबा, कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"मग ते क्लचचं सगळं?"

धनी समोरच्या कचऱ्याच्या गाडीकडे पाहत म्हणाले, "दाबवत नाही, हे कोणाला सांगू? म्हणून दाबू नये, असं सांगितलं."

बाईसाहेबांना हसू आले आणि त्याचबरोबर रडूही आले, परंतु हॉर्न दोहोंसही सवड देईनात. त्यांनी सरकून उजवा पाय दांड्यापुढून पलीकडे घातला आणि क्लचावर ठेविला, आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी दाबते." मग धनी इंजिनाचा सूर ऐकून दाब म्हणत, सोड म्हणत, सावकाश सोड म्हणत, आणि अकरा वेळा थांबून अकरा वेळा निघून, बापाचा हात आणि लेकीचा पाय ऐशी ती फौज गड चढून गेली.

आरसे उतरून भिंतीस लागले. एकासही तडा नव्हता. धनी पाहणी करण्यास आत आले, तो चार आरशांतून चार धनी लंगडत सामोरे आले. तहाप्रमाणे किल्ली त्यांचीच होती. त्यांनी साखळीवरून ती काढिली, कन्येच्या तळहातावर ठेविली आणि म्हणाले, "दाबून चालव. गुडघे आहेत तोवर दाब."

चढावर जावईबापू मागे आरशांआड होते, त्यांस पायांचा हा कारभार काही दिसला नाही. त्यांनी खाली येताच डंका पिटला की धन्यांनी भर चढावर क्लचाविना गाडी काढिली, आपण साक्षीदार. पुढील सोमवारी त्यांनी स्वतःची मोटार तैसीच चढावर घातली, आणि मिस्त्री गॅरेजास दुसरे शटर बसविणार ऐसी वदंता आहे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आरसे चार, शाबूत चार. किल्ली धाकल्या बाईसाहेबांकडे रुजू, आणि धनी शेजारी बसून सूर सांगतात. गुडघ्याचा मजकूर या बखरीत घालू नये ऐसी थोरल्या धन्यांची सक्त ताकीद आहे, सबब घातला नाही.