अण्णा मेस्त्रींचा पुरावा

आज पेटी काय सुंदर वाजली, असं अण्णा मेस्त्रींना तोंडावर म्हणू नये. मी एकदा म्हणालो. ते अर्धा चहा तसाच टाकून उठले आणि कित्येक दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. अण्णा जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्याला पेटीची साथ करत आले, आणि साथीबद्दल त्यांचं एकच सूत्र आहे, तेही मालवणीत: "आयकाक इलंय म्हणजे चुकलंय." मी वेगळा ऐकू आलो म्हणजे माझं चुकलं. लोकांना गाणं लक्षात राहावं. पेटीला कोण होतं, हे घरी जाताना कुणाला आठवता कामा नये.

असा हा माणूस आपण असामान्य कलावंत आहोत हे अमेरिकन सरकारला सिद्ध करून दाखवायला निघाला, आणि त्या अर्जाचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं.

रियाधच्या एका इस्पितळात मी लॅबमध्ये आहे आणि अण्णा तिथले एसी दुरुस्त करतात. मूळचे कुडाळकडचे. तरुणपणी दशावतारी नाटकांना पेटी, मग भजनीबुवांना साथ, मग सौदी. बायको गेली. एकुलती एक मुलगी, शालन, लग्न होऊन अमेरिकेत. यंदा कंपनीने सांगून टाकलं की वय झालं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही. त्याच सुमारास कुणीतरी अण्णांच्या कानावर घातलं की असामान्य गुणाच्या कलावंताला अमेरिका कायमचं ठेवून घेते.

"जातलंय," अण्णा म्हणाले. जाणार. विषय संपला.

मी सुचवून पाहिलं, पाहुणे म्हणून दोन-तीन महिने जाऊन या. अण्णा एसीची जाळी धूत होते. वर न बघताच म्हणाले, "आयुष्यभर रजेवरचो बापूस झालंय. आता थंय पाव्हणो म्हणान नाय जावचां."

माझी मुलं माझ्याच घरात राहतात आणि त्यांच्याशी माझं दिवसाकाठी चार वाक्यं बोलणं होत नाही. मी मुकाट्याने टायपिंगला बसलो.

शालनने गाठून दिलेला वकील फोनवर पुरावे मागायचा. वर्तमानपत्रात आलंय का काही? अण्णांनी ट्रंकेतून एक कात्रण काढलं. फोटोत एक बुवा हात वर करून गात होते आणि कडेला कुणाचा तरी कोपर होता. अण्णांनी कोपराभोवती लाल पेनने गोल केला. "ह्यो मी." वकिलाने विचारलं, चेहरा असलेला फोटो नाही का? अण्णांना प्रश्नच कळेना. चेहरा बुवांचा आहे की!

कार्यक्रमात तुमची मुख्य भूमिका कधी होती, हा पुढचा प्रश्न. अण्णा म्हणाले, मुख्य भूमिका रावणाची असते.

मग शिफारसपत्रं. रियाधच्या बथा बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात आम्ही मराठी पत्रं भाषांतराला दिली. 'यांनी पेटीवर उत्तम साथ केली' याचं तिथल्या, मराठी न येणाऱ्या, हिंदीवर भागवणाऱ्या गृहस्थाने इंग्रजीत केलं ते असं, की हे बुवांच्या सोबत एका खोक्यावर फार चांगले बसले. मी हसलो. अण्णांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, तसं अगदीच खोटं नाही. मला हसल्याची लाज वाटली आणि ती सगळी पत्रं मी स्वतः पुन्हा केली.

सर्वांत गाजलं ते एका म्हाताऱ्या बुवांचं पत्र. अण्णा त्यांच्याबरोबर अनेक वर्षं वाजवत होते. बुवांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'साथीला नेहमी कोण असे ते आता आठवत नाही, पण त्या दिवसांत माझं गाणं फार चढत असे.' वकील म्हणाला, हे पत्र चुकूनही लावू नका. अण्णांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवलं होतं. "ह्याच्याहून मोठां सर्टिफिकेट खंय गावतलां?" त्यांनी मला विचारलं. पत्र पुन्हा उशाखाली गेलं.

शेवटी वकिलाने वादनाचं रेकॉर्डिंग मागितलं. शनिवारी संध्याकाळी मगरिबची बांग झाली की अण्णा शालनला व्हिडिओ कॉल लावत. तिकडे तिची सकाळ. ती गायची, हे पेटी धरायचे. एका शनिवारी मी मोबाईल घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. घरघर तिकडे जाऊ नये म्हणून दुनियेचे एसी चालू करणाऱ्या या माणसाने स्वतःचा बंद केला होता. घामाने बनियन अंगाला चिकटलेलं.

शालन गायला लागली. पेटी पुढे पळत होती. गाणाऱ्याच्या पुढे साथीदाराने कधी जायचं नसतं, एवढं मलाही कळतं. इथे सूर आधी वाजत होता आणि शालनचा आवाज मागून येऊन त्यावर अडखळत होता. म्हातारा संपला, असं माझ्या मनात आलं. हे कसं सांगावं, या विचाराने मी रेकॉर्डिंग थांबवलं.

कॉल संपल्यावर चाचरत विचारलंच. "अण्णा, पेटी जरा पुढे जाते का हल्ली?"

"जाताच. मुद्दाम जातंय." त्यांनी भाता बंद केला. आवाज तिकडे पोचायला वेळ लागतो, ते म्हणाले. तिचा ऐकून वाजवलं तर तिला उशिराच मिळणार. म्हणून ती कुठे जाणार, ते आधीच ओळखून वाजवायचं. "हय कसांय वाजांदे. थंय तिका बराबर लागूक होयां."

म्हणजे इतके शनिवार या माणसाने स्वतःच्या कानाला फक्त बेताल ऐकवलं होतं. मुलीचं गाणं आणि आपली पेटी एकत्र कशी लागते, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

मी शालनला फोन केला आणि पुढच्या शनिवारी रेकॉर्डिंग तिच्या खोलीतून करायला सांगितलं. ते आलं, तेव्हा मी ते घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी सवयीने एसी बंद केला आणि जमिनीवर मांडी घातली. मी मोबाईल लावला. कुठे शिवण दिसत नव्हती. शालन ताल सोडून लांब गेली, तर तिथे कुणीतरी आधीच वाट बघत उभं होतं.

गाणं संपलं. अण्णा मान खाली घालून बसून होते. कशी झाली पेटी, असं विचारायची चूक मी केली नाही.

शेवटी तेच लेकीबद्दल म्हणाले, "चेडू बरां गाता." मग चष्मा काढून बनियनला पुसत राहिले. "पेटी माका आयकाकच येवक नाय."

मी म्हटलं, मग हे पाठवायचं का? पेटी ऐकूच येत नाही, तर वकील काय म्हणेल?

"ह्यांच धाड," अण्णा म्हणाले. "पण त्याआधी परत एकदा लाव."