माझ्याच बदलीविरुद्ध मी

सरकारी नोकरीत बदली कशी करून घ्यायची, हे माझ्याकडून शिका! मी सिरोंचात लिपिक, बायको दिव्यानी सावली गावात शिक्षिका, मधे एसटीचे आठ तास. दोन वर्षांची आमची रिना मला ‘पाहुणे’ म्हणते. परवा घरात पाय ठेवला तर आत ओरडली, “आई, पाहुणे आले, च्या ठेव!” तेव्हाच ठरवलं, सावली गाठायचीच.

आमच्या कर्मचारी संघटनेत घोषणा देण्याचं काम माझ्याकडे. मी ‘झिंदाबाद’ म्हटलं की गोदावरीपलीकडे तेलंगणातले बगळे उडतात. पण बदलीसाठी संघटनेकडे कोण जातो? तिथे बैठका, ठराव आणि बिनसाखरेचा चहा! मी गुपचूप आमदारसाहेबांचे पाय धरले. पंधरा दिवसांत आदेश हातात!

तो घडी करून खिशात सारत होतो, तोच मागून संघटनेचे अध्यक्ष बापूरावभाऊ आले. कागद ओढला, वाचला आणि पिकल्या टमाट्यासारखे लाल झाले.

“तुयी बदली? आपल्याले न इचारता?”

“जाऊ द्या भाऊ. सहन करतो मी.”

“तू करशीन! संघटना नाई करत!”

बदली मीच मागितली, तीही संघटनेला वळसा घालून, हे कळलं असतं तर भाऊंनी माझ्याच विरोधात मंडप टाकला असता.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूने टाकला. गळ्यात हार, समोर माइक.

“दे घोषणा!” भाऊ म्हणाले.

“भाऊ, गळा बसला.”

शेजारच्या टेबलावरचा नागसेन धावत जाऊन मिठाचं गरम पाणी घेऊन आला. असा सहकारी शत्रूलाही मिळू नये! गळा मोकळा झाला आणि मी स्वतःच्या तोंडाने ओरडलो, “प्रवीणची बदली रद्द करा!” बगळे उडाले.

तिसऱ्या दिवशी जिल्हाभरातली कार्यालयं धरण्यावर बसली. मी कोण, हे तिकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. धानोऱ्यात तर माझ्या फोटोला हार घालून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

दिव्यानीचा फोन आला. “अहो, मोबाइलवर तुमच्या फोटोले हार दिसून राह्यला! जित्ते आहा ना?”

“जित्ता हाय.”

“मंग सामान काऊन नाई बांधून राह्यले?”

चौथ्या दिवशी खुद्द आमदारसाहेब मंडपात! निवडणुकीला तीन महिने, आणि आमच्या एकेका कर्मचाऱ्याच्या घरात पाच-पाच मतं. मला पाहून ते चपापले. कानाशी वाकले.

“काऊन रे, तूच तर पाय धरले होते ना?”

“साहेब, हे… लोकायचं प्रेम आहे.”

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि माइक घेतला. “संघटनेच्या भावनेचा आदर करून प्रवीणभाऊंची बदली रद्द!”

फटाके फुटले. बापूरावभाऊंनी मला खांद्यावर घेतलं. “आता रिटायर होईपर्यंत तुले इथून कोनी हालवू शकत नाई!”

मी ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, आनंदाने.

सोमवारी सावलीच्या त्याच रिकाम्या जागेवर नागसेनची बदली झाली! मी भाऊंकडे धावलो.

“भाऊ, घोर अन्याय! मंडप टाका!”

“अन्याय कायचा? त्याले जायचं होतं. संघटनेत अर्ज देल्ला, मी साहेबाले एक फोन केला, झालं काम.” भाऊंनी प्रेमाने माझ्या पाठीवर थाप मारली. “तुले जायचं असतं, तर तूही सांगतलं असतं ना!”

नागसेन आता आमच्याच गल्लीत राहतो. रिना त्याला ‘काका’ म्हणते. मी अजून पाहुणाच. पण तो घरी आला, तरी सेवाज्येष्ठता धरून पहिला चहा मलाच मिळतो!