उपग्रहांची रजा आणि शिरीषचं संशोधन

मनुष्याला आकाश दिसत नसलं तरी आकाशाला मनुष्य दिसत असतो, या श्रद्धेवर आजची वाहतूक चालते. ऑस्ट्रेलियातल्या कॅसल हिलच्या शिरीषची श्रद्धा तर इतकी पक्की, की अकरा वर्षं मराठी मंडळाच्या ब्लॅकटाउनमधल्या त्याच हॉलमध्ये जाऊनही, गाडीतल्या यंत्रातली बाई ‘आता डावीकडे’ म्हणेपर्यंत त्याने डावीकडे कधी पाहिलंसुद्धा नाही.

त्या शनिवारी दुपारी बाई बोलेचना. पडद्यावर नुसतं ‘उपग्रह शोधत आहे’. गाडी गॅरेजमध्ये, गॅरेजचं शटर बंद, आणि शेजारच्या सीटवर नऊवारी नेसून, नथ घालून शिरीषची बायको चित्रलेखा. मंडळाच्या नाटकात यंदा तिला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं होतं (गेल्या वर्षी ती मुकी दासी होती, त्याआधी पडदा ओढायची). तीनच्या आत पोचली नाही, तर तिचं काम अंजूला जाणार होतं. अंजूला ते संवाद केव्हाचे पाठ होते.

“अरे, शटर उघड आणि चल ना. रस्ता पाठ आहे आपल्याला,” चित्रलेखा म्हणाली.

शिरीषला तिची कीव आली. बिघाड जिथे झाला तिथेच शोधायचा आणि तपास चालू असताना परिस्थिती बदलायची नाही, यावर त्याने आयटीत वीस वर्षं पगार घेतला होता. शटर उघडलं की परिस्थिती बदलली. फोनवर नकाशा होता, पण ती पळवाट. पळवाटेने माणूस फक्त पोचतो. प्रश्न तिथेच राहतो.

त्याने ग्रुपवर मेसेज टाकला. गल्लीतले दोन मित्र चपला घालून धावत आले. गंधार क्लाउडमध्ये काम करतो (म्हणजे आकाशाला त्यातल्या त्यात जवळचा), आणि निमिष टेस्टिंगमध्ये. शटर पुन्हा नीट बंद करण्यात आलं.

शिरीष यंत्र काढून घेऊन गाडीबाहेर उतरला. यंत्र बंद करून चालू केलं. चालू करून बंद केलं. पिनेवर फुंकर मारली. शिरीषने ते शर्टाला पुसलं, हा त्याचा खास उपाय. मग गंधारने मुद्दा काढला की पुण्यात उपग्रह डोक्यावर असतात, पण इथे ऑस्ट्रेलियात आपणच उलटे. तेव्हा यंत्र पालथं धरून पाहण्यात आलं. तरी काही नाही. लाँग वीकेंड असल्यामुळे सत्तर टक्के उपग्रह रजेवर असावेत, असं बहुमताने ठरलं.

“सगळा नकाशाच नव्याने भरू या,” निमिष म्हणाला. “पाऊण तास. नो वरीज.” (अंजू ही निमिषची बायको. निव्वळ योगायोग.)

“शिरीष, माझं पहिलंच वाक्य आहे रे आज,” चित्रलेखा म्हणाली.

“दोन मिनिटं गं. सापडतंय बघ.”

पदर खोचून चित्रलेखा ड्रायव्हरच्या सीटवर सरकली, रिमोटने शटर वर केलं, आणि तपास समितीला यंत्रासकट मागे ठेवून गाडी रस्त्यावर काढून निघून गेली.

तिला थांबवायला शिरीष यंत्र हातात घेऊन उन्हात धावला. तेवढ्यात हातातली बाई बोलली. एक नाही, दोन नाही, नऊ उपग्रह! तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. निष्कर्ष उघड होता: गाडी गेली आणि सिग्नल आला, म्हणजे दोष गाडीत होता.

पुढच्या महिन्यात मंडळाने शिरीषचं व्याख्यान ठेवलं. त्याच हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. शर्टाला पुसण्यामागचं शास्त्र, पालथं धरण्याचा योग्य कोन, रजेवरच्या उपग्रहांची टक्केवारी, लोकांनी खोदून खोदून विचारलं. चित्रलेखा मागे चहा ओतत होती.

वाचकहो, त्या गर्दीला हसू नका. चित्रलेखाला नाटकाबद्दल विचारायचं शिरीषचं राहून गेलं, गर्दीचंही राहून गेलं. आणि चित्रलेखा वेळेत पोचली की नाही, तिचं वाक्य कसं झालं, हे इथवर येऊन तुम्ही तरी कुठे विचारलंत?