खुशालरावांच्या गाडीचा फोटो

फोटो काढायचा म्हटलं, की तुम्ही आधी काय करता? तोंड धुता, केस नीट करता, बरं लुगडं नेसता. मग खुशालरावांनी गाडीच्या बाबतीत तेच केलं, तर त्यात त्यांचं काय चुकलं, सांगा बरं.

तिवस्याजवळ त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. फुलं अमरावतीच्या बाजारात न्यायला त्यांनी लहानशी गाडी घेतलेली. एका सकाळी ती मागे घेताना त्यांनी आपल्याच अंगणातल्या सिमेंटच्या टाक्याला घासली. (टाकं त्यांनीच तिथं बांधलं होतं, आणि 'इथं नका बांधू' असं त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, तेव्हाच सांगितलं होतं. पण ते असो.) डावीकडचं पुढचं दार आत चेपलं आणि उघडेनासं झालं.

ते दार पंचफुलाबाईंचं. त्या म्हणाल्या, मी मागच्या सीटवर बसते. पण खुशालरावांना ते पटेना. बायको मागं आणि आपण एकटे पुढं, म्हणजे लोक आपल्याला भाड्याचा ड्रायव्हर समजतील. म्हणून मग बिचाऱ्या उजव्या दारानं शिरून, गिअर ओलांडून आपल्या जागी जाऊ लागल्या. एकदा भर फुलबाजारात गिअरचा दांडा लुगड्याच्या निऱ्यांत अडकला. ते सोडवायला शेजारचा कोथिंबीरवाला धावून आला, त्या दिवशी पंचफुलाबाईंनी निर्णय देऊन टाकला.

"रविवारी अकोटले आमच्या भावाच्या पोरीचं साक्षगंध हाय. तवापर्यंत दार उघडलं त ठीक, नाही त मी मागं बसते. मंग तुमाले कोनी काई म्हनो."

खुशालरावांनी कंबर कसली. सासरच्या साखरपुड्याच्या मांडवात आपण ड्रायव्हर ठरायचं नाही. अमरावतीचा गॅरेजवाला म्हणाला, विमा कंपनीचा होकार शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा, रात्रीतून दार बसवून देतो. आता कंपनीचा माणूस पाहायला येत नाही म्हणे. मोबाईलवर गाडीचे फोटो पाठवायचे, कंपनीची मशीन ते फोटो बघते आणि कुठं काय मोडलं ते आपणच ठरवते. कंपनीतल्या गीतांजली नावाच्या मुलीनं फोनवर सगळं समजावून दिलं. तीनदा फोटो पाठवता येतील, त्यानंतर माणूसच येईल, आणि माणूस येईल पुढच्या आठवड्यात.

गुरुवारी खुशालरावांनी गाडी धुतली. कुंकवाचं बोट लावलं. आणि मळ्यातल्या शेवंतीचा चांगला हातभर जाड हार तिला घातला. आता फुलवाल्याच्या हाताला एक वळण असतं, सुकलेली बाजू आत आणि टवटवीत बाजू लोकांकडं. हात आपसूकच तसा वळला आणि हार नेमका पोचा पडलेल्या दारावर बसला. फोटो गेले. लगेच उत्तर आलं, 'आपले वाहन उत्तम स्थितीत आहे. अभिनंदन!'

पंचफुलाबाईंनी ते वाचलं. "अभिनंदन? आता त्या मशीनलेच बसवा गिअरवरून."

शुक्रवारी हार काढला. पण बाजारात टोपली मांडली की तिच्यावर पाणी शिंपडायचं, ही जन्माची सवय. खुशालरावांनी गाडीवरही चांगलं शिंपडलं, म्हणजे कशी ताजी दिसेल. टपावर, बोनेटवर, दारांवर थेंबच थेंब. या वेळी मशीनचं उत्तर येण्याआधी गीतांजलीचाच फोन आला.

"काका, तुमच्याकडे गारा केव्हा पडल्या?"

"गारा? पोरी, इथं उन्हानं झेंडू करपून राहिला."

"पण मशीन म्हणते, गाडीवर गारांच्या माराचे शेकडो खड्डे आहेत."

खुशालरावांनी खरं ते सांगून टाकलं. (गारा पडल्या म्हणायचा मोह झाला होता, पण पंचफुलाबाई समोरच उभ्या होत्या.) गीतांजली हळूच म्हणाली, काका, आता एकदाच. फुलं नको, पाणी नको. नुसती गाडी.

शनिवारी खुशालरावांनी पाण्याचा एक डाग ठेवला नाही. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन गाडी अशी घासली, की दारात तोंड दिसावं. कुंकू पुसलं. कोंबड्या हाकलल्या. पंचफुलाबाईंनाही ओसरीवर बसवलं. श्वास रोखून फोटो काढले आणि पाठवले.

उत्तर आलं, 'नुकसान आढळले. दार बदलण्यास मंजुरी.'

खुशालरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गॅरेजवाल्याला लगेच फोन लावला. त्यानं आपल्या मोबाईलवर मंजुरी बघितली आणि विचारलं, "पन भाऊ, हे त मागचं दार हाय. ते काहून बदलता?"

खुशालरावांनी चष्मा लावून फोटो मोठा केला. पुढच्या दाराखाली लिहिलं होतं, 'सुस्थितीत'. लाल गोल होता मागच्या धडधाकट दारावर. त्या गोलाच्या आत, तेलानं चमकणाऱ्या पत्र्यात, फोटो काढायला वाकलेल्या खुशालरावांचं पोट दिसत होतं. खाली लिहिलं होतं, 'मोठा, खोल, गोल पोचा.'

त्यांनी गॅरेजवाल्याची पुष्कळ मनधरणी केली. तो म्हणाला, मंजूर झालंय ते मागचं. मी मागचंच बदलीन, नाही तर सोमवारी कंपनीशी बोला.

पंचफुलाबाई ओसरीवरून उठल्या, मोबाईल हातात घेऊन त्यांनी फोटो निरखून पाहिला.

"उगाच त्या मशीनले नावं ठेवून राहिलो आपन," त्या म्हणाल्या. "नजर चांगली हाय तिची. काय बदलाचं ते बरोबर दाखवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई मागच्या सीटवर ऐसपैस बसून अकोटला गेल्या, आणि मांडवाच्या तोंडाशी नवऱ्या मुलाच्या मामानं खुशालरावांना ड्रायव्हर लोकांच्या पंगतीची जागा दाखवली.