निळ्या फळांची तपकीर

मागणी घालायला निघायच्या दिवशी सकाळी हांडमाने मुलाच्या सगळ्या वस्तूंची झडती घेतली. बूट उलटे करून आपटले, कोटाचे खिसे बाहेर ओढले, उशी चाचपली, पिठाच्या डब्यातही हात घालून पाहिला. काहीच सापडलं नाही. पण गेरमध्ये, त्यांच्या त्या गोल तंबूघरात, कुठेतरी निळ्या रानफळांचा वास येत होता, आणि ती फळं पिकायला अजून महिनाभर अवकाश होता.

"आई, झालं का?" दोल्गोन दारात उभा राहून म्हणाला. "कोकरांची लोकर तेवढी तपासायची राहिलीय."

"ती संध्याकाळी तपासते," हांडमा म्हणाली.

हांडमा तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. मधूनमधून ती भिंतीवर लावायची चित्रं गुंडाळून शाळाशाळांतून हिंडायची आणि मुलांना तंबाखूबद्दल सांगायची. पूर्वी हे काम सोपं होतं. बापे सिगारेट ओढत, म्हातारे तपकीर ओढत, एखादी म्हातारी चिलीम ओढे, आणि तरुण मुली यातलं काहीच करत नसत. आता शहरातून वेप आले होते; बॅटरीवर चालणारी, मुठीत मावणारी, गोड वासाची वाफ सोडणारी खेळणी. वसतिगृहातली मुलं ती पांघरुणात ओढत, मुलीही ओढत, आणि वास आला तर कुणीतरी जेली खाल्ली असेल असं शिक्षकांना वाटे.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेत पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उठून उभी राहिली. आमचे आजोबा तपकीर ओढतात, तीपण वाईट का, असं तिने विचारलं. हांडमा म्हणाली, ते वेगळं, ती रीत आहे. मुलीने थोडा विचार केला आणि विचारलं, वेगळं म्हणजे कसं? तेवढ्यात घंटा वाजली. त्या घंटेची आठवण हांडमाला अजूनही कृतज्ञतेने येत असे.

तिच्या स्वतःच्या घरातही तसंच होतं. तिचे वडील, म्हणजे दोल्गोनचे जम्सरान आजोबा, यांच्या तपकिरीच्या कुपीला ती दर सणाला लोण्याचा हात लावून चकाकी आणायची. मुलाच्या वेपसाठी मात्र ती पिठात हात घालायची. दोल्गोन हे बरोबर ओळखून होता. म्हणूनच त्याने आपला वेप आईने जन्मात तपासली नसती अशा एकाच जागी ठेवला होता. आजोबांच्या कमरेला, तपकिरीच्या रेशमी पिशवीत.

ही पिशवी लांबलचक असते आणि तिच्या दोन्ही टोकांना खिसे असतात. मध्यावर दुमडून ती कमरेच्या शेल्यात खोचायची. उजव्या टोकात आजोबांची गोमेदाची कुपी होती. डावं टोक गेली पन्नास वर्षं रिकामं होतं. आजोबांचा डोळा लागला असताना दोल्गोनने त्यात वेप सरकवला. तोही घोटीव हिरव्या दगडासारखा दिसणारा, कुपीएवढाच होता. आजोबांना भार वाढल्याचं जाणवलं, पण या वयात सगळंच थोडं जड होतं असं त्यांना वाटलं.

मुलीचे वडील लुव्सान नदीच्या वरच्या अंगाला राहत. मुलगी, नोमिन, शहरात दोल्गोनच्या दुकानाशेजारी शिवणकाम करायची, आणि पोरांचं आपसांत केव्हाच ठरलं होतं. प्रश्न लुव्सान यांचा होता. रीतीच्या बाबतीत माणूस फार कडक. भेटीत एकमेकांना तपकिरीची कुपी द्यायची, हुंगायची आणि परत करायची, ही तिथली रीत. पूर्वी एका स्थळाच्या काकांनी त्यांना कुपी दिली ती झाकण घट्ट बसवलेली. पाहुण्याने झाकण जरा सैल करून द्यायचं, एवढं कोणालाही ठाऊक असतं. लुव्सान यांनी कुपी परत केली, चहा पाजला, आणि पाहुणे आपणहून उठेपर्यंत फक्त पावसापाण्यावर बोलले.

"आजोबा, झाकण सैल करायला विसरू नका," दोल्गोन गाडीत तिसऱ्यांदा म्हणाला.

"तुझ्या आजीला मागायला गेलो तेव्हा मला कोणी शिकवलं होतं?" आजोबा म्हणाले आणि झोपी गेले.

गाडी गवतावरून डुलत चालली होती. टेकड्यांवरून ढगांच्या सावल्या अशा सावकाश सरकत होत्या, जणू कोणीतरी प्रचंड कळप न बोलता हाकत नेत होतं. उकडत होतं म्हणून झोपेतच आजोबांनी शेला सैल केला. तो सुटून पायांशी आला. लुव्सान यांचं पांढरं गेर दिसू लागलं तशी हांडमाने घाईघाईने वडिलांना उभं केलं, शेला गुंडाळला, पिशवी खोचली, पाठीवरची सुरकुती सारखी केली. त्या घाईत पिशवीचं डावं टोक उजवीकडे आलं.

आत सगळं यथासांग चाललं. जनावरं धष्टपुष्ट आहेत का, गवत कसं आहे, नदीला पाणी किती, हे सगळं दोन्हीकडून विचारून झालं. नोमिन मान खाली घालून मिठाचा चहा ओतत होती. पलंगावर लुव्सान यांच्या आई, दारिमा आजी, विझलेली चिलीम हातात धरून बसल्या होत्या. वयाची नव्वदी गाठलेल्या त्या बाईला समोरचं कमी आणि मागचं जास्त दिसत असे.

मग लुव्सान यांनी आपली कुपी काढली. आजोबांनीही नेहमीच्या सवयीने, न पाहता, उजवीकडे हात घातला. दोघांनी एकाच वेळी तळहात पुढे केले. आजोबांची नजर समोरच्या कुपीवर होती. पोवळ्याच्या झाकणाची जुनी सुंदर वस्तू होती ती. त्यामुळे आपल्या हातून काय गेलं ते त्यांनी पाहिलंच नाही.

हांडमाने पाहिलं. दोल्गोननेही पाहिलं. तो चहाच्या वाटीत असा टक लावून बसला की जणू आत उडी मारता येते का ते बघत होता.

लुव्सान यांनी तळहातावरचा हिरवा दगड उलटसुलट केला.

"झाकण नाही," ते सावकाश म्हणाले.

आजोबांनी आता कुठे खाली पाहिलं. ती वस्तू काय आहे ते त्यांना कळलं नाही, पण ती आपली कुपी नाही एवढं कळलं. दिलेली वस्तू हिसकून घेणं म्हणजे तर सगळंच संपलं.

"आज झाकून ठेवण्यासारखं काही नाही," आजोबा शांतपणे म्हणाले. "म्हणून झाकण नाही."

लुव्सान यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पसंत पडलेलं दिसलं. मग त्यांनी तो दगड रीतीप्रमाणे नाकाशी नेला आणि हळूच हुंगला.

दगडाच्या पोटात निळा दिवा लागला. लुव्सान यांच्या नाकातून पांढरी वाफ निघाली, मिशांवर रेंगाळली आणि माथ्यावरच्या गोल झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या खांबात शिरली. तिथे ती सावकाश फिरू लागली. सगळ्या गेरमध्ये निळ्या रानफळांचा वास भरला. मागणी, चहा, घाबरलेला मुलगा, सगळे त्या वासात क्षणभर तरंगले.

लुव्सान डोळे मिटून बसले. हांडमाच्या मनात आलं, आता ते पावसापाण्यावर बोलतील.

"आईला द्या," ते डोळे न उघडता म्हणाले. कुपी थोरामोठ्यांपर्यंत जायला हवी, ही रीतच होती.

दारिमा आजींनी दगड हातात घेतला, नाकाशी नेलाच नाही. आयुष्यभर चिलीम ओढलेली ती बाई. त्यांनी सरळ तो ओठांत धरला आणि असा दम मारला की निळा दिवा लुकलुकला. पलंगावर एक छोटासा ढग तयार झाला. ढगाच्या आतून आजींचा आवाज आला.

उत्तरेच्या अरण्यात मी बादली भरून फळं तोडली होती, त्या सांगत होत्या. एक मुलगा घोड्यावरून आला. त्याचे दात निळे झाले होते, म्हणजे चोरून खात होता तर. त्याने विचारलं, माझ्याशी लग्न करशील का, आणि मी उत्तर देईपर्यंत त्याच्या घोड्याने बादली रिकामी केली. रिकामी बादली घेऊन घरी कुठल्या तोंडाने जायचं? म्हणून त्याच्याच घरी गेले.

हे नोमिननेही कधी ऐकलं नव्हतं. सगळे ढगाकडे बघत राहिले, जणू तो मुलगा आता त्यातून बाहेर येईल. आजींनी आणखी एक दम मारला. हांडमाचा हात आपोआप वर गेला.

"आजी, जरा बेताने."

"बेताने मी कधीच काही केलं नाही, पोरी. म्हणून तर एवढी जगले."

शाळाशाळांतून लावलेली सगळी चित्रं हांडमाच्या डोळ्यांपुढून एकेक करून खाली गळून पडली.

आता लुव्सान उठले. ते रंगीत पेटीपाशी गेले, खालपर्यंत हात घातला आणि काहीतरी मुठीत घेऊन परत आले. उजवा तळहात पुढे केला, डाव्या हाताने कोपराला आधार दिला, अगदी रीतीप्रमाणे. तळहातावर गुलाबी रंगाचा वेप होता.

नोमिनच्या हातातली वाटी भरून वाहू लागली.

"माझ्या मुलीच्या बुटात सापडला, हिवाळ्यात," लुव्सान म्हणाले. "चुलीचा अग्नी विटाळायचा नाही, म्हणून जाळला नाही. बाहेर टाकला असता तर गाईने खाल्ला असता. तुम्ही दिलंत, त्याच्या बदल्यात हे घ्या. देवाणघेवाण बरोबरीची झाली पाहिजे."

आजोबांनी तो गंभीरपणे घेतला. "म्हणजे तुम्ही ओळखलं होतंत."

"हातात येताच."

"मग हुंगलात कशाला?"

"पुढे आलेला हात मागे पाठवायचा नसतो," लुव्सान म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "आणि पोरं नेमकं काय ओढतात ते कळायला नको का? मी तिला नुसताच रागवत होतो. वास फार छान आहे हो. त्याचीच मला भीती वाटली."

दोल्गोनने तेव्हा मान वर केली आणि तो दगड आपला आहे, आजोबांचा यात काही दोष नाही, असं सांगून टाकलं. लुव्सान यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग म्हणाले, मुलगी देतो, पण दोघांनीही हे सोडायचं. दोघांनी एकदम मान डोलावली. पण नोमिन चहा पुसता पुसता म्हणाली,

"आणि तुमच्या कुप्या, बाबा?"

"ते वेगळं. ती रीत आहे."

"वेगळं म्हणजे कसं?"

सगळ्यांनी नर्सकडे पाहिलं. हांडमा थोडा वेळ वाट बघत राहिली. बाहेर वाऱ्याने गवत हललं, लांब कुठेतरी एक घोडी फुरफुरली, पण घंटा काही वाजली नाही.

"वेगळं नाही," हांडमा म्हणाली.

जम्सरान आजोबांनी मोठा उसासा टाकला. "रीत कुपीची आहे," ते म्हणाले. "आत काय असावं ते रीत सांगत नाही. आमच्या लहानपणी, टंचाईच्या वर्षी, लोक रिकाम्याच कुप्या देत. घेणारा तरीही हुंगायचा."

लुव्सान यांना हे लगेच पटलं नाही, पण रीतीतलंच होतं म्हणून नाकारताही येईना. लग्न शरदात ठरलं. दोन्ही वेप हांडमाने मागून घेतले आणि अंगरख्याच्या छातीशी दुमडलेल्या पदरात ठेवले. निघताना दारिमा आजींनी तिला जवळ ओढलं, दोन्ही गालांचा मायेने वास घेतला आणि बराच वेळ छातीशी घट्ट धरून ठेवलं. हांडमाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी माया तिला सासरी कधीच मिळाली नव्हती.

घरी येऊन पाहते तर पदरात एकटा गुलाबी वेप. हिरवा वाटेत कुठेतरी गवतात पडला असणार. पुढे कित्येक दिवस तिला स्वप्न पडे की एक मेंढी टेकडीवर उभी राहून निळ्या फळांचे ढग सोडते आहे.

शरदात लग्न झालं. दोघे व्याही समोरासमोर बसले आणि त्यांनी कुप्या बदलल्या, झाकणं जरा सैल करून. लुव्सान यांनी आजोबांच्या रिकाम्या कुपीतून झाकणाच्या इवल्या चमच्याने चमचाभर ‘काहीच नाही’ काढलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"उत्तम तपकीर."

आजोबांनी व्याह्यांची कुपी हुंगली. आत वाळवून कुटलेली रानफळं होती. त्यांनी चमकून वर पाहिलं. लुव्सान झरोक्याकडे बघत होते.

"तुमचीही," आजोबा म्हणाले.

हांडमा समाधानाने पाहुण्यांना चहा देत फिरत होती. तेवढ्यात तिच्या नाकाला वास आला. तिला वाटलं, त्या कुपीचाच. मग तिला दारातून आत आलेली एक बारीक तार दिसली. बाहेर उन्हात ठेवलेल्या सौर पॅनेलपासून निघून ती गालिच्याच्या कडेने, पेटीमागून, थेट दारिमा आजींच्या उशीखाली गेली होती. आजी भिंतीकडे तोंड करून पहुडल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर एक लहानसा पांढरा ढग तरंगत होता.

हांडमा पलंगापाशी जाऊन वाकली.

"आजी, ही तार कसली?"

"रीत आहे," आजी म्हणाल्या.