सासू सापडत नाही

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या पतसंस्थेच्या टेंभुर्णी शाखेत एका बाईंनी साडेचार हजार रुपये भरले. हजर माणसे चार: शाखाधिकारी, रोखपाल, त्या बाई आणि त्यांच्या सासूबाई. रक्कम बरोबर जमा झाली. पासबुक छापून आले, तेव्हा रकमेखाली एक ओळ जास्त होती: 'सासू सापडत नाही. सून थांबली आहे.'

रोखपालाने ती मोठ्याने वाचली, ही त्याची चूक. सासूबाई म्हणाल्या, "मी हितंच हाय की." त्यावर सून हसली, ही तिची चूक.

दुपारी तक्रारीचा फोन सोलापूरला मुख्य कार्यालयात आला. मी तिथे हिशेबनीस आहे, त्यामुळे बोलणी मी खाल्ली. पण हे काम कोणाचे, ते मला लगेच कळले. कल्लप्पा बिराजदार. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

अण्णा आमचे संगणक सांभाळतात. संस्थेचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने लिहिला आहे आणि तो त्यांनाच कळतो, म्हणून निवृत्तीनंतरही त्यांना ठेवून घेतले आहे. मुख्य कार्यालयातल्या काचेच्या खोलीत मोठा संगणक आहे. पाच शाखांचे पाच संगणक त्याच्या हुकमात चालतात. इंग्रजी पुस्तकांत अशा जोडीला 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' म्हणत. अण्णांना ते पटले नाही. "मालक आन् गुलाम? आपल्या पतसंस्थेत? शोभतं का?" म्हणून त्यांनी मोठ्या संगणकाचे नाव ठेवले सासू आणि शाखांच्या झाल्या सुना.

एकदा सासू-सून आल्यावर बाकीचा संसार आपोआप आला. शाखेची लाइन तुटली की पडद्यावर यायचे, 'माहेरी गेली'. जोडली की, 'नांदायला आली'. संगणक अडकून बसला तर 'रुसली'. एकच नोंद दोनदा आली तर दुसरी 'सवत'. अडकलेले काम जबरदस्तीने बंद करायला इंग्रजीत 'किल' म्हणतात. अण्णांनी तिथे लिहिले होते, 'समजूत काढली'.

आम्हाला हे इतके अंगवळणी पडले होते की एकदा मी चेअरमनसाहेबांना फोनवर सांगितले, "अक्कलकोट रुसली आहे आणि करमाळा कालपासून माहेरी आहे." समोर बसलेल्या ठेवीदाराने, मी मध्यस्थी करू का, असे विचारले.

या ओळी फक्त अण्णांच्या पडद्यावर यायच्या. आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी टेंभुर्णीचा प्रिंटर बदलला आणि गडबडीत त्या ओळींची वाटही प्रिंटरकडे वळवली. पुढचे पासबुकात आहे.

संचालक मंडळाची बैठक बोलावली. पुण्याच्या एका कंपनीचा माणूसही आला होता, कारण अण्णांचा प्रोग्रॅम हळूहळू त्या कंपनीकडे सोपवायचा ठरला होता. संचालिका विमलताईंनी सुरुवात केली. ताई स्वतः दोन सुनांच्या सासू.

"सून थांबली, सून रुसली, सासू सापडत नाही. सासवा काय पळून जातात का, अण्णा?"

अण्णा नेहमीचे वाक्य म्हणाले, "मशीन म्हंजे माणूसच की ताई, फकस्त पगार घेत न्हाय."

पुण्याच्या माणसाने सांगितले की मालक-गुलाम हे शब्द आता जगभर काढून टाकताहेत. 'ब्लॅकलिस्ट'सुद्धा जात आहे. ऐकणाऱ्याला टोचेल असा शब्द प्रोग्रॅममध्ये ठेवायचा नाही, असा त्यांच्या कंपनीचा नियम आहे.

"गुलाम काढला ते लई ब्येस केलं," अण्णा म्हणाले. "पर सून काय गुलाम हाय का?"

"बऱ्याच घरांत आहे," विमलताई म्हणाल्या. "तुम्ही किती घरं आतून बघितलीत?"

अण्णांनी थोडा विचार केला. "एकच. माझं."

मग पर्यायी शब्दांवर एक तास चर्चा झाली. चेअरमनसाहेबांनी 'चेअरमन आणि संचालक' सुचवले. उद्या पासबुकात 'चेअरमन सापडत नाही' असे छापून आले तर संध्याकाळपर्यंत ठेवी काढायला रांग लागेल, हे मी निदर्शनास आणले. साहेबांनी सूचना मागे घेतली. 'गुरू-शिष्य' सगळ्यांना आवडले, पण शिष्य माहेरी कसा जाणार, यावर अडले. 'इंजिन आणि डबा' हे टेंभुर्णीच्या शाखाधिकाऱ्यांनी अपमानास्पद मानले. शेवटी 'मुख्य' आणि 'शाखा' ठरले. त्यात कोणाला काही टोचेना, कारण त्यात काही नव्हतेच.

अण्णा एकेक शब्द सोडत गेले. माहेर गेले, रुसवा गेला, सवत तर त्यांनी हसत हसत दिली. मग पुण्याचा माणूस म्हणाला की आणखी एक गोष्ट काढावी लागेल. मुख्य संगणक दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक शाखेला कुठलेतरी कानडी वाक्य पाठवतो आणि शाखा कानडीत उत्तर देते. शाखा चालू आहे की नाही, हे कळायला तेवढे लागते, पण ते काम एका आकड्यानेही होईल.

अण्णा उभे राहिले. बैठकीत ते उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"तेवढं नका काढू."

चेअरमनसाहेबांनी विचारले, असे काय वाक्य आहे ते.

"ऊटा आयता. जेवण झालं का, असं इचारती. ती म्हणती, आयतु. झालं."

कोणी हसले नाही, तरी अण्णा खुलासा करू लागले. त्यांच्या घरात आई सुनेला विचारल्याशिवाय घास घेत नसे. शेवटची दोन वर्षे आईची आठवण गेली होती. मुलगा कोण, गाव कुठले, काही सांगता यायचे नाही. पण सून समोरून गेली की विचारायची, ऊटा आयता? दिवसातून कितीही वेळा. सून प्रत्येक वेळी थांबायची आणि सांगायची, आयतु अत्ती, झालं आत्याबाई. आई गेली. पुढच्याच वर्षी बायको गेली.

"आता घरात कोन कुनाला इचारनार?" अण्णा म्हणाले. "म्हनून हितं लावलं. मी काचंच्या खोलीत बसलो की दिसतंय. पाची जनी सांगत्यात, झालं म्हनून. बरं वाटतंय."

मी त्या खोलीत रोज जातो. पडद्यावर वरखाली पळणाऱ्या त्या ओळी मी यंत्राची कटकट समजत होतो.

पुण्याचा माणूस हळू आवाजात म्हणाला की आमच्या कंपनीतल्या मुलांना हे समजणार नाही.

"समजायला कशाला पाहिजे," विमलताई म्हणाल्या. "उत्तर आलं म्हणजे झालं ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ठरावात लिहा. सासू काढा, सून काढा. जेवणाचं राहू दे."

ठराव एकमताने मंजूर झाला. शब्द बदलायचे काम अण्णांनाच दिले आणि त्याचे पाच हजार रुपये ठरले. काम त्यांनी आठवड्यात संपवले. मी व्हाउचर घेऊन काचेच्या खोलीत गेलो, तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. त्यांनी सही केली, पैसे खिशात ठेवले आणि परत पडद्याकडे बघत बसले. तिथे आता मुख्य होते, शाखा होत्या, आणि मधून मधून ते वाक्य.

मला कानडी येत नाही. तरी जमेल तसे विचारले, "अण्णा, ऊटा आयता?"

"आय..." म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "न्हाय ओ. कुटलं?"

आम्ही समोरच्या खानावळीत गेलो. दोन थाळ्यांचे दोनशे चाळीस रुपये मी खानावळवाल्या बाईंना रोख दिले. ते संस्थेच्या खर्चात टाकलेले नाहीत.