चुकीची किल्ली

अण्णा चौगुल्यांच्या जुडग्यात एक किल्ली अशी आहे, जी कुठल्याच कुलपाची नाही. तीच त्यांची सगळ्यांत लाडकी. ऑफिस बंद करायची पाळी आली की अण्णा कुलूप लावतात, ओढून बघतात आणि मग ही किल्ली आत घालून जोर लावून फिरवतात. कुलूप उघडत नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं.

"चुकीच्या किल्लीनं उघडलं न्हाय, म्हंजे ते कुलूप हाय," ते म्हणतात. "न्हायतर नुसता लोखंडाचा दागिना."

एकदा ती किल्ली कुलपात अडकून बसली. सगळं ऑफिस सकाळी जिन्यावर. कुलूपवाला येईपर्यंत अण्णा मात्र खुशीत. "बघा, योग्य किल्लीनंबी उघडंना. मजबूत हाय!"

आमचं ऑफिस कसबा बावड्यात, पशुखाद्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. खाली पेंड विकतात, वर आम्ही सॉफ्टवेअर विकतो. एखादा प्रोग्राम रेंगाळायला लागला की त्यातला कुठला भाग किती वेळ खातोय, हे आमचं सॉफ्टवेअर शोधून सांगतं. त्याला प्रोफायलर म्हणतात. मी त्याची माहितीपत्रकं आणि मदतीची पानं लिहिते. पत्रकं माझ्या रक्तातच आहेत. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांच्या आधी युनियनची पत्रकं आली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी 'अ आ इ' गिरवलं. त्यामुळे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "कोण किती वेळ राबतं आणि कोण किती वेळ बसतं, हे मोजायचं. म्हणजे आपण यंत्रातला मुकादम तयार करतोय!"

आमचे मालक विक्रांत सर खुर्चीत अवघडले. कोपऱ्यातून आवाज आला, "बरोबर हाय पत्रकबाई. मुकादमच हाय त्यो. आणि मी मुकादमावरचा मुकादम."

तेव्हापासून मी पत्रकबाई.

अण्णांचं काम म्हणजे या मुकादमाची परीक्षा घेणं. त्यासाठी ते छोटे छोटे खोटे प्रोग्राम लिहितात. एक नुसता राबणारा, एक आळशी, एक चक्क झोपलेला. कोण काय करतो हे अण्णांना आधीच माहीत असतं. मग मुकादमाला त्यांच्यावर सोडायचं आणि तो खरं सांगतो का, ते तपासायचं. ही तपासणीही कॉम्प्युटर आपोआप करतो. आमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअरला जरा हात लावला की अण्णांच्या साऱ्या टेस्ट धावायला लागतात. बरोबर निघाली ती हिरवी, चुकली ती लाल.

ऑफिसातल्या कुणी आपली नवी टेस्ट आनंदानं दाखवली की अण्णांचा एकच प्रश्न, "पाडून बघितलीस काय?" म्हणजे सॉफ्टवेअर मुद्दाम बिघडवायचं आणि टेस्ट लाल होते का ते बघायचं. नाही झाली, तर अण्णा भडकतात. "ही टेस्ट न्हाय, सत्कार समारंभाची अध्यक्षीण हाय! समोर काय बी चालू दे, ही हसून मान हलवणार."

ऑफिसबाहेरही तेच. हॉटेलात बसलं की अण्णा आधी विचारतात, "फणसाची मिसळ हाय काय?" पोऱ्या "हाय की" म्हणाला, की अण्णा उठले. "जे न्हाय ते बी हाय म्हणतोय. ह्याच्या 'ताजं हाय'वर काय भरवसा?" मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी मुलीच्या मामाला स्वतःच्या गावाचं नाव म्हणून मुद्दाम कुठंच नसलेलं एक गाव सांगितलं. मामा म्हणाले, "वा, तिथं तर आमचं नेहमी जाणं-येणं!" अण्णा अजून बिनलग्नाचे आहेत.

आमचा कायमचा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. दिवस मावळायच्या आत अण्णांना कोडोलीला घरी पोचायचं असतं, जेवायला. जैन घरातला जुना नियम. मी विज्ञान काढायची, विजेचा दिवा काढायची, रूढी काढायची. अण्णा हेल्मेट चढवत म्हणायचे, "पत्रकबाई, आठ तास काम हे तुमच्याच पत्रकात हाय न्हवं? झालं. जातो."

त्या दिवशी नवी आवृत्ती गिऱ्हाईकाकडे जायची होती. दुपार कलल्यावर एक टेस्ट लाल झाली. झोपलेल्या प्रोग्रामची. अण्णांची आवडती.

"अण्णा, ही उडवा," विक्रांत सर म्हणाले. "कधी हिरवी, कधी लाल. हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"टेस्ट खोटं बोलत न्हाय सर. खाली कायतरी हलतंय. आपला मुकादमच कवाकवा झोपलेल्याला कामावर दाखवतोय, आणि त्याचा वेळ दुसऱ्याच्या नावावर लावतोय."

"फार क्वचित होतं ते."

मला राहवलं नाही. "ज्याच्यावर आळ येतो त्याला 'क्वचित' म्हणून सांगा!"

"मॅडम, तो प्रोग्राम आहे. त्याची युनियन नाही."

"म्हणून तर अण्णा आहेत!"

सरांनी कपाळ चोळलं. "बरं. बसा आणि कारण शोधा. सापडलं तर टेस्ट राहील. नाहीतर मी स्वतः काढून माल पाठवतो."

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. कारखान्याच्या धुराड्यामागचं ऊन पिवळं पडलं होतं. त्यांनी हेल्मेट उचललं.

"मी जातो. काढू नका तिला. परत चालवा. लाल आली, परत चालवा. बघत ऱ्हावा, कवा पडती ती."

मी थक्क झाले. मी यांच्यासाठी भांडत होते आणि हे लढाई अर्धी टाकून जेवायला निघाले! तत्त्व मोठं की भाकरी, हे विचारायला मी मागोमाग खाली धावले. अण्णा मोटरसायकलला किक मारत होते. ती काही केल्या सुरू होईना. घामाघूम झालेले अण्णा मी प्रथमच पाहिले.

"बसा," मी स्कूटर काढत म्हटलं. कोडोलीपर्यंत झाडायला चांगलं लांबलचक भाषण माझ्याकडे होतं. झाडलंही. वारा आणि हेल्मेट यांच्यामुळे त्यातलं एक अक्षर अण्णांना ऐकू गेलं नाही, हे उतरल्यावर कळलं.

घराचं दार सताड उघडं होतं. सोप्यात अण्णांची आई गवारी निवडत बसली होती. शेजारची वहिनी दिवसभर तिच्याजवळ थांबते, ती आम्हाला बघून घरी गेली. अण्णांनी केस सारखे केले आणि स्वतःच्याच घराची कडी वाजवली.

"जय जिनेंद्र, आव्वा. मी सांगलीचा सुकुमार."

आव्वानं त्यांना नीट न्याहाळलं आणि गोड हसली. "या, पावणं. बसा की. पाणी देऊ?"

अण्णा बसले. मला क्षणभर काही उमगेना, आणि मग एकदम उमगलं. चुकीच्या किल्लीनं कुलूप उघडलं होतं.

"बरी असती त्या दिवशी म्हणती, 'गप बस बाहू, हात धू,'" अण्णा, म्हणजे घरातले बाहू, माझ्याशी हळूच बोलले. "आज लाल."

आव्वा पाहुण्याला सांगत होती, "ताटं तयार हाईत. पर आमचा बाहू येऊ द्या. त्यो आल्याबिगर मी जेवत न्हाय."

"आणि दिवस मावळल्यावर तर जेवतच न्हाय," अण्णा कुजबुजले. "मग सकाळपर्यंत उपाशी. दोन्ही नियम तिचंच."

दारातून पन्हाळा दिसत होता. सूर्य त्याच्या माथ्याला टेकायला आला होता. रूढी, विज्ञान, विजेचा दिवा, सगळं बाजूला ठेवून मी किती ऊन उरलंय ते मोजायला लागले.

अण्णा उठले. "येतो आव्वा," म्हणाले आणि माझ्या हातातली स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, आता हे गल्लीत तोंड फिरवून उभे राहणार. पण बाहेर माझ्या स्कूटरचा हॉर्न कर्कश वाजला. मग धाडधाड पायऱ्या. मग खणखणीत आवाज. "आव्वा, आलो गं! लई भूक लागलीया, वाढ!"

आव्वानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उतरली.

"आलास व्हय? कुठं उलथला हुतास रं? दिवस बुडाया लागला. हात धू आधी!"

"परत चालवायची," हात धुता धुता अण्णा मला म्हणाले. "एकदा लाल आली म्हणून काढून टाकायची नसती."

ताटं आली. भाकरी, मुगाची आमटी, गवारीची भाजी. मलाही बसवलं. आव्वानं पहिला घास घेतला तेव्हा पन्हाळ्यावर अजून ऊन होतं. तेवढ्यात माझ्या फोनवर विक्रांत सरांचा निरोप आला: 'टेस्ट काढली नाही. परत चालवतोय. परत लाल. बघत बसलोय. माल उद्या.' मी फोन अण्णांपुढे धरला.

"बघू दे की," अण्णा भाकरी मोडत म्हणाले. "नाद लागला बघा गड्याला."

आव्वा माझ्याकडे वळली. "आत्ता एक पावणं आलतं, बघितलंस न्हवं? अधनंमधनं येतंय बिचारं. बसतंय, आणि न जेवताच जातंय. घरात आई न्हाय वाटतं त्येला."

अण्णांचा घास हातातच थांबला.

"हाय की आव्वा," ते म्हणाले. "चांगली हाय."

"मग बरं हाय," आव्वा म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.